अंगणात आलं ते विकाऊ

मंगळवार, १३ मे

ठरलं. गॅरेज रिकामं करायचं.

आर्डिसला बहिणीकडे जाऊन महिना होत आला. ईस्टरचं जेवण झालं, भांडी घासली, पुसली, जागच्या जागी लावली, आणि बाई बॅग उचलून कोरीनकडे गेली. "मला जरा डोकं शांत करायचंय, ऑरिन," म्हणाली. डोकं शांत करायला आमच्या घरात काय बँड वाजतो? दोनच माणसं. त्यातलं एक मी, आणि मी तर दिवसभर गॅरेजमध्ये असतो.

तिथेच तर घोडं अडलंय. एवढ्या वर्षांच्या संसारात तिची एकच तक्रार: "माझी गाडी बर्फात उभी, आणि तुझं भंगार उबेत झोपलंय." तर भंगार बाहेर काढायचं. जूनच्या पहिल्या शनिवारी आख्खं गाव आपापल्या अंगणात सेल मांडतं, त्यात यंदा आमचंही अंगण. गॅरेज मोकळं झालं की तिची गाडी आत, आणि गाडीमागून ती.

कुंपणापाशी लवॉनला सांगितलं. लवॉन शेजारी राहते, नवरा गेल्यापासून एकटीच असते, आणि यार्ड सेलमध्ये तिचा हात धरणारं कोणी नाही. ती इतकी हसली की बागेतला पाइप तिच्याच बुटावर सुटला.

"तुला विकायचंय की दाखवायचंय, ते आधी ठरव. दाखवायचं असेल तर म्युझियम काढ."

"विकायचंय."

"बघू. मी येते मदतीला. पण मी सांगेन ते ऐकायचं."

मी एकतीस वर्षं काउंटीचा इमारत-तपासनीस होतो. लोक माझं ऐकायचे. असो.

शनिवार, १७ मे

सामानाला किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या. लवॉनने त्यातल्या निम्म्या फाडल्या.

"या करवतीला चाळीस? वेडा आहेस का?"

"साठला घेतली होती मी."

"तू कितीला घेतलीस याच्याशी लोकांना काय करायचंय? तुझ्या आठवणींचे पैसे कोणी देत नाही. दहा लिही. आणि प्रत्येक गोष्टीला चिठ्ठी लाव. लोकांना किंमत विचारायची लाज वाटते, तशीच निघून जातात."

शिवाय तिचं म्हणणं, अवजारं पुढे, रस्त्याजवळ मांडायची. गाडी पुरुष चालवत असेल तर त्याला पाना दिसला की ब्रेक लागतो, मग बायको उतरते आणि कपबशा बघते. बाई पोचलेली आहे.

स्वयंपाकघरातले खण उपसताना आर्डिसच्या पिवळ्या चिठ्ठ्या निघाल्या. 'स्टोव्ह बंद केला.' 'चाव्या निळ्या वाटीत.' गेल्या हिवाळ्यापासूनचं हे खूळ. तिची आई शेवटी शेवटी पोटच्या मुलींना ओळखेनाशी झाली होती, तेव्हापासून हिच्या मनात धास्ती. मी आपला वातावरण हलकं करायला म्हणायचो, "काय गं, आज माझं नाव तरी आठवतंय ना?" हसायची नाही. पूर्वी माझ्या विनोदांना हसायची.

बुधवार, २१ मे

आर्डिसचा फोन! स्वतःहून!

"ऑरिन, सेल लावतोयस म्हणे. लवॉन म्हणाली."

"हो, गॅरेज पार..."

"ऐक ना. आईचं पत्त्यांचं टेबल आणि माझे जिगसॉ..."

"विकत नाही गं, काळजी करू नकोस."

"मला पुरतं बोलू देशील? ते मला हवेत. त्या शनिवारी दुपारी येते आणि घेऊन जाते."

मग मी विचारलं, कोरीनच्या तळघरातलं पाणी उपसायचा पंप नीट चालतोय ना, कारण त्याचा पाइप चुकीच्या उताराने बसवलाय, हे मी कोरीनला बसवतानाच सांगितलं होतं. तिने फोन ठेवला. पण मुद्दा काय, ती येतेय! टेबल-बिबल हे निमित्त. असं कोणी एका टेबलासाठी पस्तीस मैल येतं का? आली की उघडं गॅरेज दिसेल, मी काही बोलायचीसुद्धा गरज नाही.

झाडायला घेतलं. मग मध्येच सोडून पाट्या रंगवायला घेतल्या. मग त्याही सोडल्या. एका जागी बसवत नाही.

सोमवार, २६ मे

आर्डिसचे जिगसॉ, म्हणजे तुकडे जुळवून चित्र करायची कोडी, माळ्यावरून काढले. चांगला गठ्ठा आहे. दीपगृह, कोठार, बदकं, युरोपातलं कुठलं तरी चर्च. दर हिवाळ्यात ती आईच्या त्या घडीच्या टेबलावर एकेक मांडायची, पार बर्फ वितळेपर्यंत. बघतो तर प्रत्येक खोक्याच्या झाकणावर तिच्या अक्षरात: '१ तुकडा नाही.' सेलमध्ये लोक तसं लिहितात, घेणारा फसू नये म्हणून. पण हिने विकायला न काढताच लिहून ठेवलंय.

मला हसूच फुटलं. कारण तुकडे आहेत की! माझ्याकडे आहेत, कॉफीच्या डब्यात, खिळ्यांच्या फळीवर.

हा आमचा जुना खेळ. ती मांडायला बसली की जाता-येता मी एक तुकडा खिशात टाकायचो. शेवटी ती शोधशोध शोधणार, आणि मग मी खिशातून काढून ऐटीत बसवणार, "झालं बघा पूर्ण!" नव्या नवलाईत तिने मला उशी फेकून मारली होती. पण गेली दोन वर्षं काय झालं कोण जाणे, मी खिशातून काढण्याआधीच ती सगळं मोडून खोक्यात भरायची. मग तुकडा द्यायचा राहून जायचा. मी ते नीट डब्यात ठेवत गेलो. माझ्या हातून वस्तू हरवत नाही.

आता बेत असा: ती यायच्या आत कुठला तुकडा कुठल्या खोक्यातला ते शोधायचं, आणि सगळेच्या सगळे पूर्ण करून तिच्या हातात द्यायचे. खूश होईल.

शुक्रवार, ३० मे

डोळ्यांची वाट लागली. निळा तुकडा म्हणजे आकाश, पण आकाश सगळ्याच चित्रांत आहे. शेवटी एकेक मांडूनच बघावं लागतंय. तेच टेबल बैठकीत लावलंय. एक पाय डुगडुगतो, कागदाची घडी घातली खाली. खरं सांगायचं तर मजा येते. वेळ कसा जातो कळत नाही.

दुपारी लवॉन रूबार्बच्या आंबट-गोड वड्या घेऊन आली. मी कोठाराच्या छपरात अडकलो होतो, घामाघूम. ही बया उभ्या-उभ्या वाकली, एक लाल तुकडा उचलला आणि टक्कन बसवला.

"अगं हात लावू नकोस ना! मी शोधत होतो तो!"

केवढ्याने ओरडलो. माझं मलाच नवल वाटलं. एका तुकड्यासाठी एवढं काय?

तिने हात मागे घेतला. मग तिची नजर डब्याकडे गेली. "हे काय?"

सांगितलं तिला, अगदी रंगवून. वाटलं, हसेल. ती खुर्चीत बसली.

"आर्डिसला ठाऊक आहे? हे तुझ्याकडे होते ते?"

"छे! तीच तर गंमत. सेलच्या शनिवारी कळेल."

"ऑरिन, आज फोन कर तिला. आत्ता कर."

"मग गंमत काय राहिली?"

"गंमत जाऊ दे खड्ड्यात. मी तिला सांगणार नाही, हे तुझ्याच तोंडून जायला हवं. पण फोन कर."

वड्यांची बशी तशीच ठेवून गेली. बायकांना आश्चर्याचा धक्का म्हणजे काय हे कधी कळणार? फोन हातात घेतला होता, नाही असं नाही. पण कोरीनने उचलला असता आणि पंपाचा विषय निघाला असता.

शुक्रवार, ६ जून

सगळे जिगसॉ पूर्ण. झाकणांवरचं तिचं लिहिणं खोडून खाली मोठ्या अक्षरात 'पूर्ण' लिहिलं, सुतळीने बांधून स्वयंपाकघरात ठेवले.

गॅरेज इतकं रिकामं की शिंकलो तर घुमलं. फक्त माझं ओकचं टेबल भिंतीला आहे, ज्यावर मी सगळ्या काउंटीतल्या इमारतींचे नकाशे तपासले. ते विकायचं नाही, म्हणून ते अंगणात नेलंच नाही.

पाट्यांवरून वाद झाला. मी पत्ता, वेळ, तारीख, मालाचे प्रकार आणि पार्किंगच्या सूचना लिहिल्या होत्या. लवॉन म्हणाली, "हे वाचायला लोकांनी खुर्ची आणायची का? चाळीसच्या वेगाने जाणाऱ्याला तीन गोष्टी दिसतात. सेल, बाण, रंग." पुन्हा रंगवल्या.

चर्चमधून आणलेली टेबलं कमी पडली. काचेचे पेले कुठे मांडायचे? शेवटी आर्डिसच्या आईचं घडीचं टेबल बाहेर काढलं. लवॉनने बजावलं, "ते आत ने. अंगणात आलं ते विकाऊ, हा नियम आहे. मागच्या वर्षी माझा अंगातला स्वेटर विकला गेला, खुर्चीवर ठेवला होता."

"हे डुगडुगतं टेबल कोण घेतंय? दुपारपर्यंतचा प्रश्न आहे."

प्रत्येक पेल्याला चिठ्ठी लावायचा कंटाळा आला, म्हणून पुठ्ठ्यावर 'सगळं मिळून ५ डॉलर' लिहून टेबलाच्या कडेला चिकटवला. दाढी आज करू की उद्या सकाळी? उद्या.

शनिवार, ७ जून

सगळं क्रमाने लिहितो.

सेल सातला, तर साडेपाचपासून लोक हजर. एक जण खोक्यांत टॉर्च मारत होता. "सात वाजता," मी म्हणालो. "मी नुसतं बघतोय," तो म्हणाला. मला दाढीही करू दिली नाही.

मग मी प्रत्येकाला माल नीट समजावून सांगत होतो. एकाने शिडी उचलली. मी सांगितलं, "ही हल्लीच्या सुरक्षा-नियमांत बसत नाही, वरून तिसरी पायरी बघा." त्याने ठेवली. एका बाईने टोस्टरबद्दल विचारलं, "चालतो ना?" मी म्हणालो, "चालतो, पण डावीकडे जास्त भाजतो, आणि वायर जुनी आहे." तिनेही ठेवला. अंगणात उतार असल्यामुळे माल नीट दिसत नाही, असं माझं मत पडलं.

"नाचता येईना अंगण वाकडं!" लवॉन कडाडली. "अरे, विचारलं तेवढंच सांग! तू इथे उभा राहिलास तर फुकटसुद्धा कोणी काही नेणार नाही. हायवेवरची पाटी वाऱ्याने फिरलीये, बाण दफनभूमीकडे दाखवतोय. जा, ती सरळ कर. आणि सावकाश ये."

गेलो. पाटी सरळ केली, खांब ठोकला, पुन्हा तपासला. परत येतो तर काय, शिडी गेलेली, टोस्टर गेलेला, फ्रीझर दोघं मिळून उचलताहेत. लवॉनची कमरेची पिशवी फुगलेली. मी खूश होऊन पेल्यांकडे वळलो.

तिथे गवत होतं. टेबलाच्या चार पायांच्या खुणा होत्या.

"लवॉन! टेबल कुठाय?"

"कुठलं? पेल्यांचं? गेलं की. पेल्यांसकट. हिरव्या व्हॅनमधली मुलगी घेऊन गेली."

"अगं ते आर्डिसचं!"

लवॉनने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "मी तिला म्हटलं, टेबल नाही गं. तर तिने पुठ्ठा दाखवला. सगळं मिळून पाच. टेबलालाच चिकटवलेला, आणि अक्षर तुझं. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

आर्डिस दुपारी येणार. मी ट्रक काढला.

आख्खं गाव अंगणात मांडलेलं. प्रत्येक गल्लीत गाड्या, प्रत्येक वळणावर लोक. "हिरवी व्हॅन पाहिलीत?" जो तो वेगळ्या दिशेला बोट दाखवतो. मिल स्ट्रीटवर म्हणाले, आत्ताच खुर्च्या बघून गेली. शाळेपाशी म्हणाले, गादी विचारत होती. मी गावाच्या वाहतूक-व्यवस्थेला शिव्या देत होतो.

लुथरन चर्चच्या ॲपल-पाय विकणाऱ्या स्टॉलपाशी सापडली एकदाची. तरुण पोर, चीज कारखान्याचा पांढरा शर्ट अंगात. नाव यसेनिया. व्हॅनमध्ये टेबल उलटं पडलेलं, पाय वर.

"हे टेबल विकायचं नव्हतं," मी म्हणालो.

"मग अंगणात काय करत होतं?"

"पुठ्ठा पेल्यांसाठी होता. शिवाय पाय डुगडुगतो याचा, जेवायला उपयोगाचं नाही, वजन पडलं की सांधा..."

"साहेब, मला बोलू द्याल का?"

ती म्हणाली, हार्डवेअरच्या दुकानाच्या वर खोली घेतलीये, रिकामी. उद्या आई येतेय टेक्सासहून, पहिल्यांदा. "तिला उभ्याने जेवायला वाढू? मला टेबल हवंय. पैसे परत नकोत. घेतलं ते घेतलं."

नियमाने बरोबर होती. मी असतो तर हेच म्हणालो असतो. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे ओकचं आहे. चार माणसं बसतात. हत्ती बसला तरी डुगडुगणार नाही. ते ने, आणि हे दे."

ती मागोमाग आली. अंगणाशी वळलो तर आर्डिसची गाडी उभी.

यसेनियाने आणि मी ओकचं टेबल व्हॅनमध्ये चढवलं. आर्डिस स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. केस कापलेत तिने. बरे दिसतात. यसेनिया गेल्यावर मी आईचं टेबल तिच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. तिच्या हातात दीपगृहाचं खोकं होतं.

"'पूर्ण' हे तू लिहिलंस?"

"हो! सगळेच. एकही तुकडा कमी नाही."

"कुठे सापडले?"

याच क्षणाची वाट बघत होतो मी. "हरवलेच नव्हते! माझ्याकडे होते. शेवटी खिशातून काढून बसवायचो ना मी, आठवतं? तू अलीकडे आधीच मोडून टाकायचीस, म्हणून डब्यात ठेवले." आणि मी डबा वाजवून दाखवला. रिकामा होता, वाजला नाही.

ती पायरीवर बसली.

"मी टेबलाखाली रांगत शोधायचे, ऑरिन. व्हॅक्यूमची पिशवी फाडून बघितली मी. तू समोर पेपर वाचत बसला होतास."

"अगं गंमत होती..."

"पूर्वी तू लगेच काढून द्यायचास. आता दिला नाहीस, म्हणून मला वाटलं, आईसारखं सुरू झालं."

लवॉन अंगणातल्या गिऱ्हाइकांना रस्त्याकडे घेऊन गेली.

"फेब्रुवारीत कोरीनने डॉक्टरकडे नेलं मला. घड्याळ काढून दाखवा, पाच शब्द लक्षात ठेवा. सगळं नीट निघालं. पण मला खरं वाटेना. घरी येऊन मांडायला घेतलं की एक तुकडा कमीच. मग भीती वाटायची म्हणून मी तसंच मोडून टाकायचे. कोरीनकडे माझं काही हरवत नाही. मला कळेना, तिथेच मी बरी कशी."

माझ्या तोंडात पुष्कळ होतं. की विचारायचं होतंस. की मी मुद्दाम नाही केलं. की डॉक्टरकडे जातेस आणि नवऱ्याला सांगत नाहीस. मी उभा राहिलो, डबा घेऊन.

तिने खोकी गाडीत भरली. टेबल मी ठेवलं. जाताना तिने गॅरेजकडे पाहिलं.

"रिकामं केलंस."

"तुझ्या गाडीसाठी."

"आता जूनमध्ये?" ती म्हणाली, आणि गेली.

रविवार, ८ जून

सेलचा शेवटचा नियम: उरलेलं परत आत न्यायचं नाही. रस्त्याकडेला ठेवलं, वर 'फुकट' अशी पाटी. कॉफीचा डबाही ठेवला. सगळ्यात आधी तोच गेला.

लवॉनला विचारलं, तुला डॉक्टरचं ठाऊक होतं का? म्हणाली, "हो." मग, "तू फोन करायला हवा होतास." एवढंच. वाटलं होतं चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं.

दिवसभर पिवळ्या चिठ्ठ्या डोळ्यांपुढे येतात. 'स्टोव्ह बंद केला.' किती वेळा उठून बघितला असेल तिने तो स्टोव्ह. आणि मी काय विचारायचो तिला. ते इथे पुन्हा लिहीत नाही.

गुरुवार, १२ जून

आर्डिसचा फोन. मी मध्ये बोललो नाही. त्यामुळे तिला वाटलं, लाइन तुटली.

"आहेस का?"

"आहे."

"रविवारी कोरीनकडे ये. दीपगृह मांडतेय. खुर्चीत बसायचं. हात टेबलावर, मला दिसतील असे."

"बरं."

"आणि पंपाचं नाव काढायचं नाही."

"बरं."

रविवार, १५ जून

गेलो. बसलो. हात टेबलावर. टेबल डुगडुगत होतं आणि माझ्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता. काढला नाही.

तीन तास झाले असतील. कोरीनने कॉफी दिली, पण टेबलावर ठेवायला जागा नाही म्हणून हातातच धरायची, तर आर्डिस म्हणाली, "एका हाताने धर." दुसरा दिसायला हवा.

शेवटाकडे आलं तशी ती टेबलावर वाकली. मान खाली, बोटं भराभर. मला दिसत होतं, ती ज्या तुकड्यासाठी अडली होती तो, दिव्याच्या काचेचा पिवळा, माझ्या कोपराशी होता. अगदी समोर. ती टेबलाखाली वाकून बघून आली. वर आली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. हाच चेहरा मी दोन वर्षं पेपराआडून बघितला नाही.

बोलावं की गप्प बसावं? बोललो तर तिचा तुकडा मी हिरावला, गप्प राहिलो तर तिला ती भीती. शेवटी मी दोन्ही हात टेबलावरून उचलून डोक्यावर ठेवले, पोलिसांनी पकडल्यासारखे.

कोपर हटलं. तिला दिसला. तिने उचलला, बसवला, आणि त्यानंतरचे सगळे, शेवटचासुद्धा, तिनेच. मग तिने दोन्ही तळवे चित्रावर पसरले. कोरीन डोळे पुसत होती. मीही. हात डोक्यावरच होते, त्यामुळे लपवता आलं नाही.

"काढ आता हात खाली," आर्डिस म्हणाली.

निघताना तिने मला दारात अडवलं. "खिसे."

मी पँटचे दोन्ही खिसे उलटे केले. शर्टाचाही. स्क्रूड्रायव्हर निघाला, पेपरमिंट निघालं, बाकी काही नाही. तिने पेपरमिंट घेतलं.

"पुढच्या रविवारी बदकं मांडतेय. बिनखिशाची पँट घालून ये."

बिनखिशाची पँट मिळते कुठे? उद्या लवॉनला विचारतो.